शिधा ज्याच्या हाती : प्रलयोत्तर कथेतला खलनायक घडवताना

महामारी, युद्ध, दुष्काळ किंवा तसल्याच एखाद्या आघाताने समाजाची घडी मोडल्यानंतर मागे उरलेल्या माणसांची कथा लिहायला घेणाऱ्या नव्या लेखकाचा पहिला खलनायक बहुधा ठरलेल्या साच्यातून येतो. त्याच्या हातात बंदूक असते, चेहऱ्यावर व्रण असतो, भोवती टोळी असते आणि तो फारसे कारण नसताना माणसे मारतो. पहिल्या प्रसंगात वाचक दचकतो, पण दोन प्रकरणांनंतर त्याला या माणसाची सवय होऊन जाते, कारण अशा जगात मरण आधीच स्वस्त झालेले असते. तिथे तहान मारते, अतिसार मारतो, पायात घुसलेला गंजका खिळा मारतो. मारणारा आणखी एक हात वाढवल्याने भीती वाढत नाही. ती वाढते दुसऱ्याच एका माणसामुळे, जो उरलेल्यांपैकी कोणाला किती मिळेल हे ठरवत असतो. प्रलयोत्तर कथेतला खरा खलनायक वाटपाच्या जागी बसलेला असतो आणि त्या जागी त्याला इतरांनीच, त्या वेळी योग्य वाटणाऱ्या कारणांसाठी, बसवलेले असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका विधानावर उभ्या आहेत.

त्यासाठी मी इतिहासातले दोन प्रसंग वापरणार आहे. एक १६२९ सालचा, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या निर्जन बेटांवरचा. दुसरा १८७७ सालचा, मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळी कामांवरचा. तिसरे उदाहरण कल्पित आहे : बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला एक सहकारी साखर कारखाना आणि त्याच्या वसाहतीत अडकलेली साठ माणसे. सरावासाठी हा कारखाना तुम्हीही वापरू शकता.

पहिली पायरी : आधी कोठार लिहा, मग माणूस

खलनायकाचे नाव, वय, रूप यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी एका कागदावर शिल्लक मालाची यादी करा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य धरले, तर साठ जणांना रोज २४ किलो आणि महिन्याला ७२० किलो धान्य लागेल, म्हणजे पन्नास किलोची जवळपास पंधरा पोती. पाण्याचे गणित याहून बोलके आहे. नुसते पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरले, तर रोज १८० लिटर पुरते. पण आपत्तीनंतरच्या मदतकार्यात जगभर मानला जाणारा किमान निकष माणशी १५ लिटरचा आहे आणि त्या हिशेबाने रोज ९०० लिटर लागतात. दहा हजार लिटरचा एक टँकर त्या दराने अकरा दिवसांत रिकामा होतो. १८० आणि ९०० यांच्यामधल्या त्या ७२० लिटरमध्ये तुमची कथा आहे : जखम धुण्याचे पाणी, बाळंतिणीचे पाणी, गुरांचे पाणी, हात धुण्याचे पाणी. यांतले कोणते पाणी आधी बंद करायचे हे कोणीतरी ठरवणार आहे.

आता हेच कारखान्यावर करून पाहू. गाळप हंगाम संपता संपता, एप्रिलच्या सुमारास, आघात झाला असे धरा. गोदामात साखरेची हजारो पोती आहेत. आवारात बगॅसचे, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचे, ढीग आहेत, त्यामुळे बॉयलर पेटवता येतो. टाक्यांत मळी आहे, आसवनी असेल तर स्पिरिट आहे, कामगारांसाठीचा छोटा दवाखाना आहे, दुरुस्तीची कार्यशाळा आहे. परंतु धान्य, डाळ, मीठ आणि तेल यांतले काहीही पुरेसे नाही. साखरेवर ताकद टिकते, पण शरीराची झीज भरून येत नाही, आणि त्याचा परिणाम आधी लहान मुलांवर दिसतो. म्हणजे साखर देऊन आसपासच्या गावांकडून ज्वारी आणि तूर घेणे भाग आहे. एका पोत्याला किती ज्वारी? मोजायचे कोणत्या काट्यावर? कारखान्याचा वजनकाटा आणि गोदामाची किल्ली ज्याच्याकडे आहे, तिथे खलनायकाची खुर्ची तयार झाली. अजून त्या खुर्चीत बसणारा माणूस आपण ठरवलेलाच नाही, तरी त्याच्याविषयी आपल्याला बरेच कळले आहे.

हे अतिरंजित वाटत असेल त्यांनी २०१६ चे लातूर आठवावे. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून तिथे मार्च महिन्यात १४४ कलमाखाली जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा शासन जागेवर होते, रेल्वे धावत होती, वर्तमानपत्रे निघत होती. यांतली एकेक गोष्ट काढून घेत गेले की तुमच्या कथेचे जग तयार होते, आणि शेवटची गोष्ट काढण्यापूर्वीच वाटपाच्या जागी कोणीतरी येऊन बसलेला असतो.

दुसरी पायरी : त्याला खुर्ची कोणी दिली हे लिहा

येथे १६२९ सालचा प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण या कथाप्रकारात लिहिणाऱ्याने अभ्यास करावा असा याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘बाटाविया’ नावाचे नवे कोरे जहाज, तीनशेहून अधिक माणसे घेऊन, जावाकडे निघाले होते. ४ जून १६२९ रोजी पहाटेच्या अंधारात ते हाउटमन अब्रोल्होस या बेटांजवळच्या प्रवाळखडकावर आदळले. बहुतेक माणसे जवळच्या ओसाड बेटांवर उतरली, पण तिथे पिण्याचे पाणी नव्हते. जहाजाचा प्रमुख फ्रान्सिस्को पेलसार्ट काही खलाशी आणि जहाजाचा कप्तान यांच्यासह छोट्या होडीतून मदत आणायला जावाकडे गेला. मागे उरलेल्यांत कंपनीचा सर्वांत वरच्या हुद्द्याचा माणूस होता येरोनिमस कॉर्नेलिस, मूळचा औषधविक्रेता, ज्याचा हार्लेममधला धंदा बुडाला होता आणि ज्याचे तान्हे मूल दगावले होते.

तो बेटावर आला तेव्हा लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. प्रमुख निघून गेल्याने ते बेवारस झाले होते. शिकलेला, गोड बोलणारा, कंपनीचा अधिकारी असलेला माणूस त्यांना हवा होता. कारभारासाठी नेमलेल्या मंडळाचे प्रमुखपद त्यालाच देण्यात आले. त्याने सत्ता बळकावली असे आपण सहज म्हणतो, पण पहिल्या दिवशी ती त्याच्या हाती रीतसर सोपवण्यात आली होती. त्यानंतर त्याने केलेल्या गोष्टीही वरवर पाहता शहाणपणाच्या होत्या. शस्त्रे आणि अन्नसाठा एका ठिकाणी ठेवला. एका बेटावरची गर्दी कमी व्हावी म्हणून माणसे वेगवेगळ्या बेटांवर पाठवली. सैनिकांच्या एका गटाला पाणी शोधण्यासाठी दूरच्या मोठ्या बेटावर पाठवले आणि पाणी सापडल्यास धूर करून खूण करा, असे सांगितले. त्या गटाला शस्त्रे दिली नव्हती, आणि ते तिकडेच तहानेने मरावेत असा त्याचा बेत होता. पण हे त्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणाला कळले असते?

आपल्या कथेत ही पायरी बहुतेक नवे लेखक गाळतात. त्यांचा खलनायक आधीच सिंहासनावर बसलेला भेटतो. त्याऐवजी तो निवडला गेला त्या रात्रीचा प्रसंग लिहा, निदान स्वतःपुरता तरी लिहून ठेवा. कारखान्याच्या कथेत तो असा असू शकेल : पहिल्या आठवड्यात गोदाम फोडून काही जणांनी पोती पळवली, झटापटीत एका मुलाचा हात मोडला, आणि तिसऱ्या दिवशी साऱ्यांनी मिळून म्हाताऱ्या भांडारपालाला विनंती केली की, तात्या, तुम्हीच किल्ली सांभाळा, तुमचा हिशेब तीस वर्षे कधी चुकला नाही. विनंती करणाऱ्यांत तुमची नायिका पुढे असू द्या. पुढे ती त्याच्याविरुद्ध उभी राहील तेव्हा तिला स्वतःच्या त्या शब्दांनाही सामोरे जावे लागेल.

तिसरी पायरी : गुन्ह्यांचा जिना बांधा

वाचकाला खलनायकाच्या अगदी शेवटच्या कृत्याशी एकदम नेऊन उभे केले, तर तो त्याला राक्षस म्हणून मोकळा होतो. तो जिन्याने तिथवर चढला पाहिजे आणि पहिली पायरी इतकी बुटकी असली पाहिजे की वाचकानेही त्यावर पाय ठेवलेला असेल.

बेटावर कॉर्नेलिसने आधी चोरीचे प्रकरण हाती घेतले. सामाईक पिंपातली दारू काढल्याबद्दल एका सैनिकासाठी त्याने मृत्युदंड मागितला. टंचाईत चोराला कठोर शिक्षा हवी, याला विरोध करणे अवघड असते. जुन्या मंडळाने त्या सैनिकाच्या साथीदारालाही मारण्यास नकार दिला, तेव्हा तेच निमित्त करून त्याने मंडळ बरखास्त केले आणि आपली माणसे नेमली. पुढची पायरी गुप्त होती : कामगिरीवर पाठवतो असे सांगून काही जणांना तराफ्यावरून नेले आणि बुडवले. मागे राहिलेल्यांना वाटले, ते दुसऱ्या बेटावर सुखरूप आहेत. त्यानंतर आजारी माणसे मारली गेली, तीही इतरांच्या हातून. एका तरुण कारकुनाला, स्वतःचा जीव वाचवायचा असेल तर, रुग्णांचे गळे चिरायला लावले. असा माणूस पुढे साक्षीदार राहत नाही, तो भागीदार होतो. मग साथीदारांकडून निष्ठेच्या शपथेवर सह्या घेतल्या गेल्या. अखेरीस काही लपवण्याची गरजच उरली नाही. धर्मोपदेशकाला आणि त्याच्या थोरल्या मुलीला जेवायला बोलावून ते जेवत असताना त्याची पत्नी आणि बाकीची मुले तंबूत मारण्यात आली. शंभराहून अधिक माणसे अशी गेली.

या क्रमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कॉर्नेलिसने एका तान्ह्या बाळावर विषप्रयोग करून पाहिला, तो फसला, आणि मग ते काम त्याने दुसऱ्याकडून करवून घेतले. एवढा प्रसंग सोडला, तर हत्या त्याने स्वतःच्या हाताने केल्या नाहीत. त्याचे हत्यार त्याची जीभ होती. तुमचा खलनायक स्वतः तलवार चालवतो की इतरांकडून चालवून घेतो, हे विचारपूर्वक ठरवा, कारण दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गुन्ह्याबरोबर आणखी एक माणूस कायमचा त्याच्या बाजूला जातो आणि नायकाच्या बाजूचे माणूसबळ घटत जाते.

कारखान्यासाठी जिना लिहून पाहा. पहिली पायरी : दोनदा शिधा घेणाऱ्याला एक दिवस उपाशी ठेवणे. दुसरी : कामावर न येणाऱ्याला अर्धा शिधा. तिसरी : कामावर येऊ न शकणाऱ्यालाही अर्धा शिधा, कारण नियम सर्वांना सारखा हवा. चौथी : गावाशी व्यवहार करताना काट्यात थोडा फरक, वसाहतीतल्या मुलांसाठी. पाचवी : तो फरक ओळखणाऱ्या गावकऱ्याला परत जाऊ न देणे. दुसरीकडून तिसरीकडे जाताना लागणारे वाक्य, ‘नियम सर्वांना सारखा हवा’, हे स्वतःमध्ये वाईट नाही. असेच वाक्य प्रत्येक पायरीला शोधा. ते सापडत नसेल तर ती पायरी फार उंच झाली आहे. मध्ये आणखी एक घाला.

चौथी पायरी : त्याला जुन्या जगातला एक धडा द्या

खलनायकाचे बालपण दुःखी दाखवणे हा सोपा मार्ग आहे आणि तो सहसा पुरत नाही. दुःखी बालपणाची माणसे असंख्य असतात. त्याऐवजी जुन्या जगाने त्याला शिकवलेला, त्या जगात कदाचित योग्य ठरलेला, आणि आता घातक झालेला एक धडा शोधा.

यासाठी सर रिचर्ड टेंपल यांचे उदाहरण पाहा. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा बंगालचे नायब राज्यपाल या नात्याने त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने मदत केली आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली ती उधळपट्टीची. तीन वर्षांनी, १८७७ च्या आरंभी, दक्षिणेतल्या महाभयंकर दुष्काळाच्या पाहणीसाठी व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच पाठवले. या वेळी त्यांनी काटकसर करून दाखवायची असेच जणू ठरवले होते. दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी त्यांनी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, आणि त्यावर खडी फोडण्यासारखी कष्टाची कामे अपेक्षित होती. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर माणूस काम करून जगू शकत नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

टेंपल यांनी कोणावर शस्त्र उगारले नाही. ते कष्टाळू, हुशार, फिरस्ते अधिकारी होते, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी लाखो जीव वाचवले होते. म्हणूनच लेखकाच्या दृष्टीने ते कॉर्नेलिसपेक्षाही अधिक अस्वस्थ करणारे आहेत. दया दाखवली तर बोल लागतो, हा धडा घेतलेला माणूस आकड्यांच्या आड जाऊन बसतो, आणि समोरची हाडे दिसत असूनही तक्त्यातला एक पौंड त्याला पुरेसा वाटत राहतो. माझ्या मते मराठी लेखकाने या दुसऱ्या प्रकारच्या खलनायकाकडे अधिक वळावे. आपला दुष्काळाशी संबंध जुना आहे, खडी फोडणारे हात १९७२ मध्येही आपल्याकडच्या असंख्य घरांनी पाहिले आहेत, आणि शिधापत्रिका, हजेरीपट, मस्टर यांची भाषा आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

कारखान्याच्या तात्यांना असा धडा कोणता द्यावा? कदाचित तीस वर्षांपूर्वी ओळखीच्या एका शेतकऱ्याला दया येऊन त्यांनी दोन पोती उधारीवर दिली, लेखापरीक्षणात ती सापडली, आणि निलंबनाचे सहा महिने घरात चूल नीट पेटली नाही. तेव्हापासून त्यांनी कोणाच्या डोळ्यांकडे पाहून माल दिलेला नाही. जुन्या जगात याला सचोटी म्हणत. ती खरोखर सचोटीच होती, हे वाचकाला पटले पाहिजे.

पाचवी पायरी : एका महत्त्वाच्या प्रश्नावर त्याला बरोबर ठरवा

ही पायरी थोडक्यात सांगता येते, पण पाळायला कठीण आहे. कथेत निदान एकदा खलनायकाचा निर्णय योग्य आणि नायिकेचा चुकीचा ठरला पाहिजे, आणि त्याची किंमत खरी असली पाहिजे. बाहेरून आलेल्या तापाच्या रुग्णांना आत घेऊ नये असे तात्या सांगतात, नायिका फाटक उघडते, आणि आठवड्याभरात वसाहतीतली तीन माणसे जातात. पुढच्या वेळी ती त्यांना विरोध करील तेव्हा तिच्या शब्दाचे वजन कमी झालेले असेल, लोक तिच्याकडे वळणार नाहीत, आणि तिलाही स्वतःची खात्री वाटणार नाही. वाचकाने मनात म्हटले पाहिजे की तात्या नसते तर हे लोक पावसाळ्यापर्यंत टिकले नसते. ते खरेच असू द्या.

सहावी पायरी : त्याची भाषा घडवा

प्रलयोत्तर कथांतले खलनायक लांबलचक भाषणे करतात आणि त्या भाषणांत मानवजात, दुर्बलता, नवे जग असे मोठे शब्द असतात. मराठीत असे बोलणारा माणूस लगेच खोटा वाटतो. आपल्याकडे सत्ता दोन आवाजांत बोलते आणि दोन्ही लेखकाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असतात. एक आवाज नात्याचा : अगं पोरी, अरे बाळा, तू मला माझ्या लेकीसारखी. दुसरा आवाज सूचनाफलकाचा, ज्यात करणारा माणूस कुठे दिसतच नाही. तात्यांच्या फलकावर असे लिहिलेले असेल : ‘रात्रपाळीस अनुपस्थित राहणाऱ्यांचा शिधा उद्यापासून बंद करण्यात येत आहे. तक्रार असल्यास लेखी द्यावी.’ शिधा कोण बंद करत आहे, हे त्या वाक्यात नाही.

दोन्ही आवाज एकाच प्रसंगात आणता आले, तर धमकीची गरज उरत नाही. उदाहरणादाखल हा एक छोटा प्रसंग :

“तात्या, ह्यांच्या पायाला वास यायला लागलाय. अर्धी बाटली स्पिरिट द्या.”

“आधी बस. पाणी घे. सकाळपासून काही खाल्लंयस का?”

“माझं राहू द्या. स्पिरिट द्या.”

“माझ्या हातात असतं तर कधीच दिलं असतं गं. पण जो कामावर नाही त्याच्या नावावर औषध चढवायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तूही हात वर केला होतास.”

“तेव्हा ह्यांचा पाय बरा होता.”

“म्हणूनच नियम आधी करायचे असतात, पोरी. नंतर माणसाचं तोंड बघून ते जमत नाही.”

त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या तांब्यातले पाणी पेल्यात ओतले आणि तिच्यापुढे सरकवले.

यात तात्या खोटे बोललेले नाहीत. पाणी देण्यातला त्यांचा जिव्हाळाही खरा आहे. तो नाटकी करू नका. स्वतःच्या तांब्यातले पाणी देणारा माणूस गोदामातले स्पिरिट देत नाही, कारण एक त्याचे आहे आणि दुसरे हिशेबाचे आहे. लिहिताना खलनायकाच्या तोंडचे प्रत्येक वाक्य वेगळे काढून पाहा. ते एखाद्या भल्या माणसाच्या तोंडी शोभले असते का? बहुतेक वाक्ये तशी असतील, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. तसेच संबोधनांकडे लक्ष ठेवा. ज्या दिवशी तात्या तिला ‘पोरी’ म्हणायचे थांबवून ‘तुम्ही’ म्हणू लागतील, त्या दिवशी वाचकाला धोका न सांगता कळेल.

सातवी पायरी : त्याचे आंधळेपण ठरवा

सर्व काही आधीच ओळखणारा खलनायक कंटाळवाणा होतो, आणि शेवटी त्याला हरवण्यासाठी लेखकाला योगायोगाची मदत घ्यावी लागते. त्याचा पराभव त्याच्या बलस्थानातूनच निघाला पाहिजे.

अब्रोल्होसवर तसेच घडले. मरायला पाठवलेल्या सैनिकांचा म्होरक्या वीबे हेयस हा साधा शिपाई होता, त्याला कसला हुद्दा नव्हता. त्या मोठ्या बेटावर त्यांना पाणी सापडले, पक्षी आणि छोटे कांगारूसारखे प्राणी सापडले, आणि ते नीट खाऊनपिऊन तगडे राहिले. धुराची खूण त्यांनी केली, पण तिला उत्तर आले नाही. कत्तलीतून निसटलेली माणसे पोहत, तराफ्यांवरून तिथे पोहोचली तेव्हा काय चालले आहे ते त्यांना कळले. मग त्यांनी वाहून आलेल्या लाकडांपासून आणि खिळ्यांपासून शस्त्रे केली, दगडांची भिंत रचली. त्या दगडी बांधकामाचे अवशेष आजही वेस्ट वॅलाबी बेटावर आहेत. हल्ले परतवले गेल्यावर कॉर्नेलिस सप्टेंबरमध्ये वाटाघाटीसाठी स्वतः मोजक्या माणसांसह त्यांच्याकडे गेला. सोबत कापड देऊ केले आणि सैनिकांना फितवण्याचा प्रयत्न केला. आपल्या जिभेपुढे कोणी टिकणार नाही, अशी त्याची खात्री होती, कारण तोपर्यंत कोणी टिकलेच नव्हते. तिथेच तो पकडला गेला. काही दिवसांत पेलसार्ट मदतीचे जहाज घेऊन परतला, चौकशी झाली, आणि २ ऑक्टोबर १६२९ रोजी कॉर्नेलिसला फाशी देण्यात आली.

नव्या लेखकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, खलनायकाने ज्यांना हिशेबातून वजा केले तेच परत येतात. तेव्हा तुमच्या कोठाराच्या यादीत कोणाची नावे खोडली गेली आहेत ते पाहा आणि प्रतिकार तिथून उभा करा. दुसरी, प्रतिकार करणाऱ्यांचे बळ आकाशातून पडू नये. हेयसच्या माणसांकडे पाणी आणि मांस होते म्हणून ते लढू शकले. तात्यांच्या विरोधकांना अन्न कोठून मिळते? कदाचित काट्यात फसवल्या गेलेल्या गावाकडून. ते गाव त्यांना मदत का करील, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आठवी पायरी : पाडाव झाल्यानंतरचे दोन दिवस लिहा

खलनायक संपला की कथा संपते असे समजण्याची चूक करू नका. त्याने बांधलेली व्यवस्था दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच उभी असते, लोक रांगेत येतात आणि किल्ली आता नायिकेच्या हातात असते. ज्यांनी त्याची कामे केली ती माणसे त्याच वसाहतीत राहणार आहेत, त्यांची मुलेही. अब्रोल्होसवरच्या प्रकरणात काहींना फाशी झाली, दोघांना शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर सोडून देण्यात आले, तर काहींना पुढे जावाला नेऊन शिक्षा देण्यात आल्या. तुमच्या कथेत न्यायालय नाही, तुरुंगही नाही, आणि तुरुंगात ठेवलेल्या माणसालाही शिधा लागतो. स्पिरिट नाकारले गेल्याने जिचा नवरा गेला ती स्त्री, आणि ज्याने तात्यांच्या सांगण्यावरून गावकऱ्याला अडवले तो तरुण, हे दोघे एकाच रांगेत कसे उभे राहतात, यावर निदान एक पूर्ण प्रसंग खर्च करा.

लिहून झाल्यावर काय तपासावे

पहिला खर्डा पुरा झाला की काही ठरावीक दोष शोधा. खलनायकाचे क्रौर्य त्याच्या व्यंगावरून, कुरूपतेवरून किंवा मानसिक आजारावरून सूचित केले असेल, तर ते काढून टाका. तो आळस आहे आणि अन्यायही आहे. तो बाहेरच्या प्रांताचा, विशिष्ट जातीचा किंवा भटक्या जमातीचा असल्यामुळे वाईट आहे असा भास होत असेल, तर अधिक कठोर व्हा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला तरी समाजाच्या मनातून अजून गेलेला नाही. टंचाईत एखाद्या समूहाकडे बोट दाखवणे ही खलनायकाची युक्ती म्हणून जरूर लिहा, कारण ती घडते. फक्त लेखकाने स्वतः ते बोट दाखवू नये. स्त्रीवरचा अत्याचार केवळ खलनायक किती नीच आहे हे सिद्ध करण्यासाठी आला असेल, त्या स्त्रीच्या स्वतःच्या कथेत त्याला जागा नसेल, तर तो प्रसंग गाळा. आणि कोठाराच्या यादीशी कथानक पुन्हा ताडून पाहा : पाचव्या प्रकरणात संपलेले मीठ नवव्या प्रकरणात भाजीत पडत असेल, तर वाचकाचा टंचाईवरचा विश्वास उडतो आणि त्याबरोबर खलनायकाची सत्ताही पोकळ होते.

त्यानंतर खर्डा अशा एखाद्या वाचकाला द्या, ज्याला कथानक ठाऊक नाही, आणि वाचून झाल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा : तुम्ही त्या वसाहतीत असता, तर तात्यांना किल्ली द्यायला हात वर केला असता का, आणि तो हात खाली कोणत्या पानावर घेतला असता? उत्तर ‘पहिल्याच पानावर’ असे आले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर पुन्हा काम करा. ‘कधीच नाही’ असे आले, तर त्याच्या कृत्यांची किंमत मोजणारी माणसे कथेत पुरेशी ठळक नाहीत. स्पिरिट मागायला आलेल्या स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला आणखी दोन प्रकरणे आधी आणा, त्यांचे घर दाखवा, त्यांचे भांडण दाखवा, आणि मग तो प्रसंग पुन्हा लिहा.